कोंडवाड्यातली हाक

वहाबचाचाचा डावा हात कोपरात कधी सरळ होत नसे. तो कडूबानं मोडला होता, बाभळीच्या सोट्यानं, भर दुपारी, चाचाच्याच बांधावर. आणि आमच्या गावात कडूबाची गोष्ट जीव लावून सांगणारा माणूसही एवढा एकच. मी एकदा विचारलं, "चाचा, ज्यानं तुमचा हात मोडला त्याचं एवढं कौतुक कायले?"

"मोडला तो मंग मोडला," चाचा म्हणाला. "त्याच्या आधीचं तुले कोठं माहीत हाय?"

आधीचं म्हणजे असं. आमचं गाव बीबी गावाच्या पलीकडं, माळाला लागून. कडूबा गावाचा ढोरकी, म्हणजे सगळ्या गावाची गुरं चारायला नेणारा. त्याबद्दल सुगीत जनावरामागे ज्वारी आणि रोज घरोघरची भाकर. त्याच्या हातात काठी नसायची. सकाळी वेशीत उभा राहून तो कानाशी हात धरायचा आणि "येऽऽ माय, येऽऽ" अशी हाक घालायचा. की लागलीच गोठ्यागोठ्यांतून गुरं दाव्याला हिसके द्यायची, बायांना दावं सोडायचीही फुरसत मिळत नसे. पाखऱ्या नावाचा वहाबचाचाचा गोऱ्हा तर खुंटा उपटून धावायचा. कडूबानं जनावरावर हात उचललेला कुणी पाहिला नव्हता. माणसं त्याच्यावर किती विश्वास ठेवत ते सांगता येत नाही, गुरं ठेवत होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कापसाचा भाव मातीत गेला, त्यात पिकं बुडाली, म्हणून सरकारनं शेतसाऱ्यात सूट दिली. लोक खूश झाले. पण साऱ्यावर जो थोडा उपकर बसे, त्याच्यावरच लोकल बोर्डाच्या शाळा आणि रस्ते चालत. सारा सुटला तसा तोही आटला. मास्तरांना पगार तर द्यायचेच होते, मग बोर्डाची नजर कोंडवाड्यांवर गेली. मोकाट गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरली की तिथं डांबायची आणि धन्यानं दंड व चाऱ्याची खुराकी भरून सोडवायची, अशी ती जागा. त्या वसुलीचा मक्ता दरसाल हर्रासात, म्हणजे लिलावात निघे. कुण्या शहाण्यांनी खुर्चीवर बसून ठरवलं, की मागल्या साली बोली जिथं थांबली तिथून यंदाची सुरू करायची. ऐकायला किती सरळ! पण दंडालाच कमाई धरली की दरसाल जास्त गुरांनी वाट चुकायला पाहिजे. हे गुरांना कोण सांगणार होतं? सांगायचं काम मक्तेदारावर आलं.

मक्ता घेतला उत्तमरावांनी. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, आणि कोंडवाडाही त्यांच्याच खळ्याजवळ.

कडूबाची बायको शालूबाई पहिल्यांदाच बाळंत होत होती. दुपारी माळावर निरोप आला की बाई अडली आहे. कडूबा कळप पडिकात सोडून घराकडं पळाला. शेजारी उत्तमरावांची ज्वारी हुरड्यात आलेली. गुरं शिरली, की शिरवली, देव जाणे. दिवस कलला तेव्हा अख्ख्या गावाची जनावरं कोंडवाड्यात होती आणि प्रत्येक घराच्या मानगुटीवर दंड बसला होता.

उत्तमरावांच्या अंगावर जायची कुणाची छाती नव्हती. मग गावानं कडूबाला धरलं. घरातून फरफटत आणला, चावडीपुढच्या निंबाला बांधला आणि बैलांच्या कासऱ्यांनी झोडपला. पाठीची सालटी निघाली तरी थांबले नाहीत. ज्यांच्या घरची भाकर त्यानं पोटच्या पोरासारखी मागून खाल्ली होती तेच बाप्ये पाळी लावून मारत होते. बाळ मेलेलं जन्मलं, हे सांगायला आलेली दाई गर्दीमागं उभी होती. तिला कुणी पुढं येऊ दिलं नाही. आमच्या गावाचं गुणगान कुणी गायलं की मला हटकून ती दाई आठवते आणि डोकं फिरतं.

शेवटी वहाबचाचा विळा घेऊन घुसला. दोन कासरे त्यानंही पाठीवर खाल्ले, पण दोर कापला आणि कडूबाला खांद्यावर टाकून घरी नेला.

पाठ भरली तसा कडूबा उत्तमरावांच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मले ठेवा, मालक. कोंडवाडा भराले तुमच्या माणसाईले गोठ्याचं दार तोडा लागते. मले नाई लागत."

दुसऱ्याच सकाळी वेशीबाहेर हाक आली. "येऽऽ माय, येऽऽ." गुरांना वाटलं, आपला माणूस आला. खुंटे उपटून, दावी तोडून ती धावली आणि त्याच्यामागून सरळ कोंडवाड्यात शिरली. आत उत्तमरावांचे गडी काठ्या घेऊन तयारच होते. त्यांनी ती बडवून बडवून कोपऱ्यात कोंबली. कडूबा दारात पाठ फिरवून उभा राहायचा. धनी सोडवायला आले की त्यांना मात्र तो समोरून भिडायचा.

मग रोजची हाणामारी सुरू झाली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा कान कुऱ्हाडीनं लोंबला. गोफणीच्या गोट्यानं कडूबाचे पुढचे दात पाडले, तर त्यानं गोटा मारणाऱ्याला गाठून त्याच्या दोन्ही नडग्या फोडल्या. निंबाखाली ज्यानं ज्यानं मारलं होतं त्याचं त्याचं जनावर त्यानं नेलं, आणि तरी त्याचं पोट भरेना. मला त्याची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच. त्याचा हिशेब माणसांशी होता, मार खात होती मुकी जनावरं.

पुढल्या हर्रासात बोली वर गेली, त्याच्या पुढल्या सालीही गेली. आता लोक गुरांना साखळदंड लावू लागले होते. कडूबानं एकच घर सोडलं होतं, वहाबचाचाचं. उत्तमरावांनी ते बरोबर हेरलं.

"वहाबचा बैल काय काशीहून आला हाय?" ते म्हणाले. "का मक्ता तुह्याच नावावर करून देऊ?"

कडूबा गेला. चाचा औत सोडून बांधावर भाकर खात बसला होता, बाजूला पाखऱ्या चरत होता. चाचानं अर्धी भाकर पुढं केली.

"बैल बांधावर हाय, कडूबा. कोनाच्या पिकात नाई."

"माहीत हाय मले. सोड त्याले."

"दोर म्या कापला होता बे तुहा!"

"म्हनूनच म्हनतो, आडवा येऊ नको."

चाचानं दोन्ही हातांनी कासरा धरून ठेवला. सोटा कोपरावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. कडूबानं नंतर हाक घातली, पण पाखऱ्या जागचा हलला नाही. त्याला ओढत न्यावा लागला. तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

चाचानं दंड भरला नाही. चूकच नाही तर दंड कशाचा, असं म्हणून तो मोडका हात फडक्यात अडकवून घरी बसला. खुराकी चढत गेली आणि पाखऱ्याच्या विक्रीचा दिवस ठरला. होळी नुकतीच झाली होती. त्या दिवशी ऊन तापायच्या आत गाव कुऱ्हाडी, काठ्या, गोफणी घेऊन कोंडवाड्यावर चालून आलं.

दारातच जुंपली. उत्तमरावांचा एक गडी पोटात भाल्यासारखी घुसलेली लाकडी बल्ली दोन्ही हातांनी धरून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. एका गावकऱ्याचा जबडा निखळला. तेवढ्यात कुणीतरी दाराशेजारच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. वाऱ्यानं आग दाराच्या पाल्याच्या छपरावर चढली आणि दारच पेटलं. उत्तमराव धोतर सावरत पळाले. आतली गुरं ओरडू लागली तसे मारणारेही थांबले. ती गुरं त्यांचीच होती.

कडूबाच्या कपाळातून रक्त गळत होतं. पहार घेऊन तो मागच्या बाजूला धावला आणि भिंत फोडू लागला. ज्यांची डोकी त्यानं फोडली होती तेच त्याच्यासंगं दगड उपसत होते, चाचा एका हातानं. खिंडार पडलं. कडूबा त्यात उभा राहिला, कानाशी हात धरला आणि हाक घातली.

"येऽऽ माय, येऽऽ!"

गुरं मागं सरकली. त्यानं पुन्हा हाक घातली, छाती फाटेपर्यंत. ती आणखी मागं सरली, जळत्या दाराकडं. ही हाक ऐकून आलं की काठ्या पडतात, एवढं ती दोन-तीन सालांत शिकली होती. सगळ्यांत पुढं पाखऱ्या होता. त्याचे डोळे कडूबावर लागले होते आणि एकेक पाय मागं पडत होता.

"वहाब, तू बोलाव रे! माह्यानं येत नाई ते!" कडूबा रडत ओरडला.

चाचानं हाका मारल्या, पण त्या गलक्यात कोण ऐकतो? मग कडूबानं खाली पडलेली काठी उचलली, खिंडारातून आत शिरून गुरांच्या मागं, आगीच्या बाजूला गेला आणि जन्मात पहिल्यांदा जनावरावर वार केला. पहिला पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर. मारत सुटला तो, शिव्या देत, रडत, पिसाळल्यासारखा. गुरं त्याच्यापासून जीव वाचवायला खिंडाराकडं उधळली. धूर डोळ्यांत जाऊन त्याच्याही मागं राहिलेली अंगावर आली आणि तो त्यांच्या खुरांखाली गेला.

चाचानं त्याला बाहेर ओढला तेव्हा छातीचा पिंजरा खचला होता.

"आले का समदे?" कडूबानं विचारलं.

"आले," चाचा म्हणाला. आत दोन वासरं राहिली होती.

पोलीस आले. गावातल्या काहींना मेहकरच्या कचेरीतून सक्तमजुरी झाली. शालूबाई माहेरी गेली ती परतली नाही. भिंतीचं खिंडार बुजवलं, नवं दार बसलं, आणि पुढच्या हर्रासाची बोली जळल्या सालाच्या आकड्यावरूनच सुरू झाली. मक्ता पुन्हा उत्तमरावांनीच घेतला.

मी एकदा हट्ट धरला. "चाचा, कशी होती हाक? एकदा घालून दाखवा ना."

चाचानं उजवा हात कानाशी नेला, तोंड उघडलं. गोठ्यात म्हातारा पाखऱ्या रवंथ करत बसला होता. त्याच्याकडं पाहून चाचानं तोंड मिटलं आणि हात खाली घेतला.

"नाई रे," तो म्हणाला. "तो उठून मागं सरकते."