नेरेइदाचं प्रवाळ

पोन्से शहरातल्या एवारिस्तो न्हाव्याच्या दुकानात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. ती त्याच्या दिवंगत बायकोची, नेरेइदाची हौस. मासे बघता बघता गिऱ्हाइकं आपला नंबर विसरायची.

तिने पेटीत बसवलेलं प्रवाळ एकदा निखळलं. एवारिस्तोने होडीची भोकं बुजवायचा गोंद भरपूर थापून ते चिकटवलं. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले आणि एकेक करून उलटे झाले.

"भाऊजी, हा गोंद पाण्यात वाळतो म्हणून माशांना चालतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" धावत आलेली मेहुणी कडाडली.

"तिचं प्रवाळ पडलेलं बघवेना गं."

तिने मासे बादलीतल्या समुद्राच्या ताज्या पाण्यात हलवले, पण एक पिवळा मासा तेवढा तगला. एवारिस्तो त्याच्याजवळ बसून राहिला.

"बाकीच्यांना चावतो म्हणून तुझी बहीण याच्यावरच सारखी ओरडायची," तो मेहुणीला म्हणाला, "आणि हाच राहिला बघ."