आरसेबाईंनी परत घेतलेली शाब्बासकी

शाळेच्या जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे चेंडू आणि दोरखंड ठेवत. रबराचा वास भिंतींनी अजून सोडलेला नाही. घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजीशी झटापट करणाऱ्या मुलांचा तास तिथे भरतो. तो घेणाऱ्या शिक्षिकेला सारी शाळा आरसेबाई म्हणते, कारण त्यांच्या वर्गात पुस्तकाआधी हातात पडतो तो आरसा.

साहित्य म्हणावे तर फारसे नाही: तळहाताएवढे आरसे, पातळ कागदाच्या पट्ट्या आणि ज्याचा त्याचा घसा. आरशात पाहून ‘वेस्ट’ म्हणायचे. वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर अंगातले बनियन, ओठांचा चंबू झाला तर पश्चिम दिशा. पट्टी तोंडासमोर धरून मराठी ‘पान’ म्हटले तर ती ढिम्म राहते. इंग्रजी ‘पेन’ नीट म्हटले की फडफडते. घशावर बोट ठेवायचे ते ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’साठी. किमतीच्या शेवटी घसा गप्प असतो, बक्षिसाच्या शेवटी गुणगुणतो.

हा गुणगुणणारा आवाज आपल्या जिभेला जमायचा नाही, अशी नव्या मुलांची खात्री असते. मग बाई फळ्यावर ‘जग’ लिहितात, आणि शेजारी पुन्हा ‘जग’.

‘‘पहिलं म्हणजे दुनिया. दुसरं म्हणजे, बाळा, शंभर वर्षं जग. म्हणा बरं.’’

मुले म्हणतात आणि एकमेकांची तोंडे पाहत राहतात. अक्षर एक, आवाज दोन!

‘‘हे कोणी शिकवलं तुम्हाला?’’

‘‘कोणीच नाही, बाई.’’

‘‘म्हणजे व्याकरण तुमच्या डोक्यात आधीच बिऱ्हाड थाटून बसलंय. आता तो दुसरा ज घ्या, पण जीभ कुठे टेकू देऊ नका.’’

आणि खोलीभर भुंगे सुटतात.

बाईंना कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी ही पद्धत काढली, असे शाळेत सांगतात. कथा गोड आहे, पण खरी नाही. त्यांच्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी आज चष्म्यांचे दुकान चालवतो. आरसे तेव्हाही होते, असे तो सांगतो. आणि मागच्या बाकावरची कुजबुज तेव्हा बाईंच्या कानांतून सुटत नसे, हेही त्याला चांगलेच आठवते. पद्धत आली ती कुतूहलातून. कान पुष्कळ नंतर गेले. मात्र ते गेल्यावर उणीव झाकायला हीच पद्धत कामी आली, हे नाकारता येत नाही.

आधी गेले ते बारीक आवाज: दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, इंग्रजी शब्दांच्या शेपटीचा ‘स’. घरी धाकटी बहीण टोमणे मारी.

‘‘ताई, कुकर बोंबलून बोंबलून थकला. तुझ्या कानांनी राजीनामा दिलाय, तू कधी देणार?’’

‘‘तुझं बोलणं तेवढं ऐकू येतं. नशीब माझं!’’

‘‘माझं जाऊ दे गं. पोरांचं येतं का?’’

या प्रश्नावर बाई भांडी आवरायला लागत. वर्गात त्या ओठ वाचून निभावून नेत. पण आरशापुढे ‘स’ आणि ‘झ’ जुळे भाऊ आहेत. ओठ दोघांचे सारखेच.

अशात मुख्याध्यापकांनी निरोप धाडला: खोलीत यंत्रे बसवायची आहेत, उच्चार ती तपासतील, तरी आधी एक तास पाहतो, मग तुमच्या वर्गाचे ठरवू. हा वर्ग गेला तर उरलेली नोकरी वाचनालयात पुस्तकांची धूळ झटकण्यात जाईल, हे बाईंना न सांगता कळले.

सर येऊन मागच्या बाकावर बसले. आरसे झाले, पट्ट्या फडफडल्या. मग बाईंनी भिंगरीला उभे केले. वर्गातली ही सर्वांत बडबडी मुलगी. टोपणनाव बाईंनीच दिलेले.

‘‘सांग, शर्यत जिंकल्यावर काय मिळतं?’’

भिंगरीने घशावर बोट ठेवून शब्द म्हटला. ओठ बिनचूक होते.

‘‘शाब्बास!’’ बाई म्हणाल्या.

भिंगरी खाली बसेना. ‘‘बाई, शाब्बासकी परत घ्या. घसा वाजलाच नाही माझा. मी किंमत म्हटली.’’

तेवढ्यात शेजारचा मुलगा मदतीला धावला. ‘‘अगं, बाई मुद्दाम चुकल्या! आपली परीक्षा घेत होत्या. हो ना, बाई?’’

पळवाट आयती मिळाली होती. शिक्षकांचा हा जुना, हुकमी डाव; सरांनीही तो कधीतरी खेळला असणार. बाईंनी खडू खाली ठेवला.

‘‘नाही रे. मला ऐकूच आलं नाही. शब्दाच्या शेवटचा ‘स’ मला आता ऐकू येत नाही.’’ मग त्या भिंगरीकडे वळल्या. ‘‘परत घेतली शाब्बासकी. आता खरी मिळव.’’

भिंगरीचा घसा या वेळी चांगलाच गुणगुणला असावा, कारण सारा वर्ग हसला. बाईंनी मात्र जाऊन तिच्या गळ्याला बोट लावून पाहिले आणि मगच मान हलवली.

मुले गेल्यावर सरांनी विचारले, ‘‘मग आजवर चुका कोण पकडत होतं?’’

‘‘ज्याचा घसा, तो. पण सगळ्या सापडल्या असतील, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.’’

सरांनी एक आरसा हातात फिरवला. ‘‘तोंडी परीक्षा दुसऱ्या कोणी घ्यायची. तुम्ही कानाचं यंत्र लावायचं. आणि दुसरी यंत्रं वरच्या मजल्यावर बसतील. चुकलं तर स्वतःच सांगेल असं मूल त्यांना कुठून मिळणार?’’

पंधरवड्यानंतर बाई कानात यंत्र घालून आल्या. आरशांचे कपाट उघडले आणि दचकून मागे सरल्या.

‘‘हे एवढं किरकिरतं? आणि कोणी बोललं नाही?’’

‘‘आम्हाला वाटलं,’’ भिंगरी म्हणाली, ‘‘तुम्हाला आवडतं.’’