दहावा सूर्य

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटली की गुरुजी पायरीवर थांबत. डावा हात ताणत, उजव्यानं दोरी ओढल्यासारखं करत आणि सूर्याकडे बघून म्हणत, "नऊ पडले. ह्याले राहू द्या."

हिंगणघाटच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी चित्रकला. चीनचा धडा आला की ते तिथली जुनी कथा सांगत. एकदा दहा सूर्य एकदम उगवले, पिकं करपली, तेव्हा एका धनुर्धरानं नऊ पाडले. आमच्या पोरांना ऊन काय ते सांगावं लागत नव्हतं!

"दहावा काऊन ठेवला, गुरुजी?" एखादा पोरगा विचारी.

"तोही पाडला असता तं अंधारच होता, बाबू. राग कुठं थांबवाचा, हे त्याले समजे."

तुम्ही म्हणाल, कुणाच्या कथा सांगाव्यात याला काही धरबंध? बासष्टच्या चीनच्या लढाईत गुरुजींचा सख्खा धाकटा भाऊ गेला होता. मीही एकदा चिडून विचारलंच.

"ज्यानं माह्या भावाले मारलं," ते म्हणाले, "त्याच्या मायनं त्याले कोणत्या गोष्टी सांगतल्या, हे मले समजून घ्याचं हाये."

आमच्या संस्थेच्या सचिवांच्या घरातून रणावर कुणी गेलं नव्हतं. म्हणूनच की काय, त्यांची देशभक्ती भारी उतू जाई. भर बैठकीत ते गरजले, "दुश्मनाच्या देवाच्या गोष्टी बंद करा, नाई तं नोकरी सोडा."

"भाऊ माहा गेला," गुरुजी म्हणाले. "तुमचं काय गेलं?"

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या बाहुलीमागे एक गवताचा पुतळा निघाला. चिन्यासारख्या लोंबत्या मिशा, डोळ्यांवर गुरुजींसारखा चष्मा. "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" सचिवांची माणसं सगळ्यात पुढे ओरडत होती. मारबत गावाबाहेर जाळतात, पण पुतळा त्यांनी गुरुजींच्या दारातच पेटवला. ज्या दारातून धाकटा पोरगा सीमेवर गेला, त्याच दारात त्याची म्हातारी आई धूर बघत उभी होती. लाज कशी वाटली नाही या लोकांना?

मी दगड उचलला. गुरुजींनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

त्यांनी कथा सोडली नाही, नोकरी सोडली. आईला घेऊन गिरडकडे शेतावर राहायला गेले आणि तिथंच वारले. सचिवांचे सत्कार मात्र थाटात होत राहिले.

ऊन तापलं की मी शाळेच्या पायरीवर उभा राहतो, हात ताणतो. गुरुजी, तुम्ही दहावा राहू दिलात. माझ्याच्यानं अजून होत नाही.