लाखात तीन नाही

आईचा आजार दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा तिने लक्षवातींचा संकल्प केला. कापसाच्या एक लाख वाती वळायच्या, देवापुढे लावायच्या आणि मग इंजेक्शनं बंद. "लाख झाल्या की मला मोकळी करा. लय टोचून झालं," असं तिने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. उपचार चालू ठेवले तर अजून बरीच वर्षं आहेत, असं ते म्हणत होते. पण मळ्यात फुलं तोडत वाढलेली ही बाई. एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. मी तर कॉलेजात गणित शिकवणारी तिची मुलगी, माझं कोण ऐकतंय!

चार महिने आमच्या घरात कापूस तरंगत होता. दुपारी देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफांनी खिडकीच्या काचा थरथरायच्या, उन्हाच्या पट्ट्यात तंतू वरखाली व्हायचे आणि आई पलंगावर बसून तळहातावर वात वळायची. एकशे आठ झाल्या की दोऱ्याने बांधून एक जुडी. शेजारी पेपर तपासता तपासता मी पेंगायचे आणि अर्धवट झोपेत मला तो लाख दिसायचा. आत शिरावं तर नुसते दोनाचे पाच आकडे आणि पाचाचे पाच, एकमेकांना गुणत बसलेले. तिसरं कोणी नाहीच. फार शांत घर वाटायचं ते. तिथून बाहेर यायला नको व्हायचं, कारण जाग आली की जुड्या वाढलेल्या असायच्या. त्या मोजायची मला भीती वाटे.

एका दुपारी तिने नऊशे पंचविसावी जुडी बांधली. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन होतं आणि आपण जाणार नाही, हे तिने सकाळीच बजावलं होतं.

"किती ऱ्हायल्या गं?"

"शंभर."

"म्हंजे एक जुडीबी नाय?"

"पुरी जुडी केलीस तर आठ जास्त होतात."

तिचा चेहरा पडला. अपुरी जुडी देवाला कशी द्यायची? आणि आठ जास्त म्हणजे बोललेला शब्द मोडला. वाती बघायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आठ चुकभुलीच्या धरा की."

"माझी एकबी वात चुकली नाय," आई फणकारली.

"आई, एकशे आठात तीन तीनदा गुणलेला आहे," मी म्हटलं. "लाखात तो एकदाही नाही. पुऱ्या जुड्यांनी लाख कधीच होणार नाही. दोन लाखही नाहीत."

"मंग कधी जुळतंय?"

"थेट सत्तावीस लाखांना. पंचवीस हजार जुड्या. अशाच वळत राहिलीस तर अजून आठ वर्षं आणि आठ महिने."

गणित खरं होतं. पण मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"देव एवढा काटेकोर असंल का?"

"देवाचं माहीत नाही. मी आहे."

तिने पदरावरचे तंतू झटकले.

"कापूस संपत आलाय," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यातून येताना घेऊ."