पहिल्या मुलाखतीचा कपडा

शेवटच्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून चादरींच्या घड्या घातल्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. माझी पकड ढिली पडली की ती चादरीला हिसका द्यायची. "अहो, ओढा की. जेवला नाहीत का?" त्या दिवशीही म्हणाली. मी म्हणालो, "वाढलं कोणी? तूच ना?" ती हसली. सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून बरं वाटलं.

कर्वेनगरात आमची इस्त्रीची टपरी आहे. आजूबाजूला कॉलेजं आणि होस्टेलं. माझी बायको तीस वर्षं तिथे माझ्या शेजारी उभी राहिली. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तुम्ही कपडे देता, घेता, तिच्या तोंडाकडे बघत नाही. पण हिच्याकडे पोरं बघायची, कारण ही त्यांना सोडायचीच नाही.

तिचा एक नियम होता. शिक्षण संपवून कोणी पहिल्या मुलाखतीला निघालं, की त्या दिवशीचा कपडा ती करून द्यायची नाही. त्याला आत बोलवायची, इस्त्री हातात द्यायची आणि म्हणायची, "आता तू धर."

"काकू, उशीर होतोय हो."

"मग हात चालव. आधी कॉलर. पोटापासून सुरुवात केलीस तर कॉलर करताना पोट चुरगळतं. आणि मध्येच थांबू नको. थांबलास की जळतं. इतके दिवस दुसऱ्यानं केलेलं घातलंस ना? आजचा दिवस तुझा आहे."

मी वैतागायचो. गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि इंजिनियर झालेला घोडा शर्टाची बाही शोधतोय! एकाने शर्टावर इस्त्री टेकवून मोबाइल बघितला. बरोबर पाठीवर तपकिरी डाग उमटला. रडकुंडीला आला बिचारा. ही शांतपणे म्हणाली, "वर कोट घाल. कोणी कितीही सांगितलं तरी काढू नको." भर मे महिन्यात तो कोट घालून बसला. नोकरी लागली. पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, "काकू, साहेब तीनदा म्हणाले, कोट काढा. शेवटी त्यांनी एसी वाढवला."

नापास झालेल्यांसमोर ती माझ्याकडे बोट करायची. "हे बघ, सातवी नापास. उभे आहेत ना? पोळ्याही दोन जास्तच खातात." पोरं हसायची, मी तोंड वाकडं करायचो. आता कोणी म्हणत नाही.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी जालन्याकडची एक पोरगी आली होती. बी.कॉम. झालेली. हातात निळा कुर्ता. म्हणाली, "उद्या दहाला पहिला इंटरव्ह्यू आहे. वडील म्हणतात, ही नोकरी मिळाली नाही तर सामान बांधून घरी ये. स्थळ बघून ठेवलंय."

मी फटकळ माणूस. बोलून गेलो, "मग जा की घरी. कशाला तडफडतेस?"

पोरीचं तोंड उतरलं. "खरंय काका. उद्या जातच नाही मी."

हिने हातातली इस्त्री आपटली. "तुम्ही गप्प बसा!" मग पोरीला म्हणाली, "कुर्ता इथे राहू दे. सकाळी साडेसातला ये. इस्त्री तू करायचीस. आली नाहीस तर होस्टेलवर येऊन ओढत नेईन." पोरगी मान डोलावून गेली आणि माझ्याशी अबोला सुरू झाला.

घड्या संपल्यावर, चारच्या सुमाराला ही स्टुलावर बसली. "छातीत कसंतरी होतंय," म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. संध्याकाळी स्मशानातलं सगळं उरकून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चपला घातल्या. माझी मुलगी मांजरीहून, तिच्या सासरहून आलेली होती.

"बाबा, कुठे निघालात?"

"टपरी उघडायला."

"सुतकात? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा इंटरव्ह्यू नाहीये आज."

कालची पोरगी टपरीपुढे उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

"काकू नाही आल्या?"

"बरं नाही तिला. मला पाठवलंय."

खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर पोरगी तिथेच बसून रडली असती, आणि दहा वाजून गेले असते.

इस्त्री तापवली. पाण्याचा थेंब टाकून बघितला. हिचं ते "आता तू धर" माझ्या तोंडातून निघेना. नुसतं "घे" म्हणालो. पोरीनं इस्त्री घेतली. आधी गळ्याची पट्टी, मग बाह्या.

"काल मी मूर्खासारखं बोललो," मी म्हणालो. "ही नोकरी नाही मिळाली तर दुसरीकडे अर्ज कर. तिसरीकडे कर. बापाशी मी बोलतो हवं तर. पण न जाताच हरू नको."

हे हिनं सांगायचं होतं. हिनं जास्त चांगलं सांगितलं असतं.

कुर्ता हातावर टाकून पोरगी निघाली. चार पावलांवर वळली. "काकूंना सांगा हं, एकसुद्धा सुरकुती राहिली नाही."

"सांगतो," म्हणालो.

ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मी प्लग काढला. इस्त्री गार होईपर्यंत तिथेच बसलो. मग टपरीला कुलूप लावलं आणि घरी गेलो.