बाई बाकावर नसताना

मथुरा तांडेल बाईंना माइक लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी शाळेचा माइक बिघडला, आणि तो दर पावसाळ्यात बिघडतोच, की शिपाई तारा हलवत बसत नाही; सरळ बाईंना पुढे करतो. हा आवाज आईकडचा. आई भागूबाईने जयगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात जन्मभर मासळी विकली. तिने धक्क्यावर भाव सांगितला की वरच्या वाडीतली माणसं पिशव्या घेऊन निघायची. लेक शिकली, बी.एड. झाली आणि गावच्याच हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवायला लागली. नेसणं बदललं, बोलणं बदललं, आवाज तेवढा तोच राहिला.

आणि राहिला फुटबॉल. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी पुळण उघडी पडते. लहानपणी तिथे भाऊ खेळायचे आणि बहिणीला गोलात उभं करायचे, कारण तिथे कुणालाच उभं राहायचं नसायचं. एकदा ही गोल सोडून बॉल घेऊन जी सुटली ती समोरच्या दोन काठ्यांमधून पार पाण्यापर्यंत गेली. त्यानंतर भावांनी तिला गोलात उभं करायचं नाव काढलं नाही. भागूबाईने मात्र फाटलेला फ्रॉक बघून पाठीत धपाटा घातला.

पुढे शाळेतले क्रीडाशिक्षक निवृत्त झाले. जागा भरणार, भरणार म्हणता म्हणता मैदानावर गवत कंबरेपर्यंत आलं. मुख्याध्यापक अनिल सरांनी एकदा सभेत विचारलं, "मैदान कोण बघतं?" सगळ्या शिक्षकांना अचानक आपापल्या वह्या फार वाचनीय वाटायला लागल्या. मथुराबाईंनी हात वर केला. अहो, कुणी सांगितलं होतं? पण केला. तेव्हापासून शाळा सुटल्यावर बाई सड्यावरच्या मैदानात असतात. मैदान म्हणजे काय, कातळच. वर मातीचा पातळ थर. पडलं की गुडघ्याचं सालपट निघालंच म्हणून समजा. तरी मुली यायच्या. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या, दोन-चार वरच्या शेतकऱ्यांच्या. पळायला चपळ, लाथ मारायला दणकट, पडल्या तर न रडणाऱ्या.

एकच खोट होती. या मुली मैदानात तोंड उघडत नसत.

फुटबॉल हा मुक्याने खेळायचा खेळ नाही. बॉल वरून आला की जिला घ्यायचा तिने "माझा!" म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे दुसरी बाजूला होते. बाईंनी हे सांगून सांगून घसा कोरडा केला. मुली माना डोलवायच्या, "हो बाई" म्हणायच्या, आणि बॉल आला की पुन्हा चिडीचूप. गोलकीपर ऋतिका तर असली गुणाची, की समोरून तोफ आली असती तरी तिने पदर सावरून वाट दिली असती. कप्तान शमिका थोडी बरी, पण तिचाही आवाज ओठांच्या बाहेर येईना. मग बाईच ओरडायच्या. "शमिका, मागे! ऋतिका, पुढे ये! डावीकडे बघ, डावीकडे!" अख्खा खेळ रेषेबाहेरून बाईच खेळायच्या, आणि घरी येऊन मिठाच्या गुळण्या करायच्या.

"पोरी भित्र्या आहेत गं," त्या आईला म्हणायच्या. "मुलीच्या जातीने हळू बोलावं म्हणून घरून दाबून ठेवलेल्या."

"कोण? ती ऋतिका?" भागूबाई हसायची. "ती भित्री? तुझं आपलं कायतरीच."

बाईंना वाटायचं, म्हातारीला मैदानातलं काय कळतंय!

गेल्या वर्षी संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. नेमकं तेव्हाच बाईंचं वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण रत्नागिरीत चालू होतं. नोकरीची ठरावीक वर्षं झाली की मास्तरांना हे करावंच लागतं, त्याशिवाय वरची श्रेणी मिळत नाही. सकाळी हजेरी, दुपारी हजेरी, आणि एक जरी चुकली तरी सगळं पाण्यात. सामना शेवटच्या दिवशी आला. बाईंनी आगापीछा न बघता प्रशिक्षणाला दांडी मारली आणि मैदान गाठलं. तिथे शेवटच्या काही मिनिटांत वरून आलेल्या एका साध्या बॉलवर शमिका आणि ऋतिका दोघी धावल्या. दोघींपैकी एकीनेही "माझा" म्हटलं नाही. बाईंनी हाक मारली, पण समोरच्या शाळेचा गोंगाट एवढा होता की ती पोचलीच नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या, बॉल दोघींच्या मधून गोलात गेला. संघ हरला आणि बाईंचं प्रशिक्षणही अपुरं ठरलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

यंदा पुन्हा तसंच. संघ पुन्हा अंतिम सामन्यात, आणि बाईंचं प्रशिक्षण पुन्हा त्याच आठवड्यात. असं वेळापत्रक जमवणाऱ्याचा खरं तर सत्कार करायला हवा. अनिल सरांनी बाईंना खोलीत बोलावलं.

"मॅडम, यंदा दांडी मारायची नाही. मी रजेवर सही करणार नाही."

"सर, अंतिम सामना आहे. जिंकलो तर मुली विभागाला कोल्हापूरला जातात. शमिका, ऋतिका यंदा दहावीत. त्यांचं हे शेवटचं."

"आणि तुमचं? तुमच्यामागून लागलेले लोक वरच्या श्रेणीत गेले. तुम्ही काय निवृत्तीपर्यंत त्या कातळावर ओरडत बसणार?" सर माणूस वाईट नव्हता, जे बोलला ते बाईंच्या भल्याचंच होतं. म्हणून तर बाईंना जास्त राग आला.

मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका हवी, नाहीतर संघाला मैदानात उतरता येत नाही. शाळेत दुसरी बाई एकच, वेदिका मॅडम, नव्याने लागलेली, इंग्रजीची. तिने फुटबॉल पाहिला होता तो टीव्हीचं चॅनेल बदलताना. बाईंनी तिला कागदावर चौकोन काढून सगळं समजावलं. तिने मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "ते ऑफसाइड म्हणजे नक्की काय हो मॅडम?" बाईंनी कपाळाला हात लावला.

आदल्या संध्याकाळी मैदानात बाईंनी मुलींना सांगितलं, उद्या मी नाही. मुली गप्प. कुणी रडेल, कुणी हट्ट करेल अशी बाईंची मनातून अपेक्षा होती, खोटं कशाला बोला. शमिका फक्त हळूच म्हणाली, "बरं बाई." बाईंना ते लागलं. एवढी वर्षं घसा फोडला, आणि पोर म्हणते बरं बाई!

सामनाही रत्नागिरीतच होता, पण त्या दिवशी बाई प्रशिक्षणात बसल्या होत्या. दीपक सर नावाचे तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होते. गट पाडले, कार्डशीट वाटले, रंगीत पेनं वाटली. बाईंच्या गटाला 'आनंददायी अध्ययन' हा विषय आला. आनंद राहिला बाजूला, बाईंचं लक्ष मांडीवरच्या मोबाइलमध्ये. रात्रभर पाऊस पडून मैदानात पाणी साचलं होतं, त्यामुळे सामना लांबला होता. तो सुरू झाला तशी वेदिका मॅडम इमानेइतबारे बातम्या पाठवायला लागली.

"आपल्या मुली छान पळत आहेत."

"गोल झाला!!"

बाईंनी लिहिलं, "कोणाचा?"

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, "विचारते."

बाईंच्या घशातून असा काही आवाज निघाला की दीपक सर थांबले. "मॅडम, काही शंका?"

"नाही सर. चालू द्या."

गोल समोरच्यांचा निघाला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मध्यंतर उरकलं होतं. बाईंनी डबा उघडलाच नाही. रिक्षा पकडली आणि "मैदानाकडे, जरा दामटा" म्हणाल्या. दुपारच्या हजेरीला परत यायचं होतं, तेवढ्यात दोन शब्द ओरडून यावं, शमिकाला मागे खेचावं, ऋतिकाला पुढे काढावं, एवढाच बेत. वाटेत त्या मनातल्या मनात काय काय ओरडायचं याची उजळणी करत होत्या. मैदानाच्या मागच्या अंगाला जांभ्या दगडाचा गडगा आहे. फाटक पुढच्या बाजूला. बाई रिक्षातून उतरल्या आणि गडग्याच्या कडेने फाटकाकडे चालू लागल्या.

तेव्हा त्यांना तो आवाज ऐकू आला.

"शमे! गो शमे, झोपलंस काय? मागं ये, मागं! ती पिवळी मोकळी हाय बघ!"

बाई थबकल्या. हा आवाज त्यांना कुठल्याही मैदानात ऐकलेला आठवेना. धक्क्यावर मात्र ऐकलेला होता. होड्या लागल्या की असलाच कालवा असतो. त्यांनी गडग्यावरून डोकावलं. गोलात ऋतिका उभी होती. ती गुणाची, मुखदुर्बळ ऋतिका! कमरेवर हात, तोंड एवढं उघडं, आणि अख्ख्या संघाला हाकत होती.

"तू तुझं बघ गो मेले, माझी पिवळी मी बघतंय!" शमिकाही तिकडून ओरडली आणि ओरडता ओरडता मागे आली. वरून बॉल आला. "माझा! माझाऽऽ! हल गो बाजूला!" कुणी कुणावर आदळलं नाही. बॉल निघाला, उजवीकडच्या पोरीला हाक गेली, तिने पुढचीला हाक मारली. सगळ्या बोलत होत्या. एकमेकींना शिव्या घालत होत्या, हसत होत्या, चुकलीला "घाल चुलीत" म्हणत होत्या. बाकावर वेदिका मॅडम छत्री धरून बसली होती आणि चांगलं झालं की टाळ्या वाजवत होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

बाईंना आधी आनंद झाला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या पाण्यामागून दुसरंच काहीतरी आलं. या मुली भित्र्या नव्हत्याच. घरून कुणी दाबून ठेवलेल्या नव्हत्या. घरी, धक्क्यावर, मैदानाबाहेर त्या अशाच बोलत असणार, रोज, पोटभर. गप्प व्हायच्या त्या फक्त बाईंपुढे. बाईंसमोर असलं कसं बोलायचं, घरचं, धक्क्यावरचं? बाई म्हणजे शाळा. आणि ही शाळा झालेली बाई कुणाची लेक होती? भागूबाईची!

फाटक समोर होतं. आत गेल्या असत्या तर सगळ्या मुली त्यांच्याकडे वळल्या असत्या, "बाई आल्या" म्हणून उजळल्याही असत्या, आणि गप्प झाल्या असत्या.

एवढ्यात समोरच्या पिवळ्या शर्टवाल्यांना कॉर्नर मिळाला. बाईंना दिसलं की डावीकडे एक पोर मोकळी सुटली आहे. "शमिका, डावीक..." शब्द दातांपर्यंत आला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खरंच दाबलं, पलीकडून जाणारा एक माणूस बाईंना उलटी होतेय की काय म्हणून थांबला. आणि आतून ऋतिकाचा आवाज आला, "डाव्या अंगाला, शमे! धर तिला!" शमिका धावली. बॉल बाहेर गेला.

मग बाईंनी घड्याळ पाहिलं आणि रिक्षाला हात केला. सामना अजून शिल्लक होता. दुपारच्या हजेरीला त्या वेळेवर पोचल्या. कार्डशीटवर सूर्यफूल काढायचं राहिलं होतं, ते त्यांनी काढलं. पाकळ्या जरा वाकड्या आल्या.

मोबाइल वाजला तेव्हा त्या व्हरांड्यात आल्या. वेदिका मॅडमच्या फोनवरून शमिका बोलत होती. मागे मुलींचा एकच गोंधळ चालला होता, गाणी, आरडाओरडा, कुणीतरी पत्रा बडवत होतं.

"बाई," शमिका म्हणाली, आणि तो गोंधळ एकदम थांबला. सगळ्यांनी एकमेकींना गप्प केलं असणार. "बाई, आपण जिंकलो. दोन गोल केले."

आवाज इतका हळू, की बाईंना फोन कानात खुपसावा लागला.

"अगं, मोठ्याने सांग की! काय केलंत?"

"जिंकलो, बाई," शमिका तितक्याच हळू, तितक्याच शुद्ध म्हणाली. "तुम्ही हव्या होतात."

बाईंनी कौतुक केलं, नीट घरी जा म्हणाल्या, ओले कपडे बदला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वेदिका मॅडमना दे."

वेदिका मॅडम फोनवर आली ती धापा टाकतच. "मॅडम, काय मजा आली! आता कोल्हापूर. तुमचं प्रशिक्षण तर तोपर्यंत संपेल, सुटले मी! तुम्ही आलात की मुलींना..."

"कोल्हापूरलाही तुम्हीच जा," मथुराबाई म्हणाल्या.

"मी? आणि तुम्ही? मॅडम, तुमचा संघ आहे तो! मला अजून ऑफसाइड कळत नाही."

"नाही ना कळत? मग बरंच आहे," बाई म्हणाल्या. आवाज कापतोय हे वेदिका मॅडमला कळू नये म्हणून त्यांनी जरा दरडावूनच सांगितलं, "कुणी विचारलं तरी शिकू नका."