कुंपणावरच्या बिया

मी तापट आहे. शाळेत हे शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. मुलं माझ्यापुढं चळचळा कापतात, हे मी माहेरी गेल्यावर कौतुकानं सांगायची.

लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर आमची शाळा. तिला कुंपण नव्हतं, म्हणून मी रोपवाटिकेतून चंद्रज्योतीची रोपं आणून मैदानाच्या कडेनं लावली. मोगली एरंड म्हणतात तेच हे झाड. तेव्हा त्याच्या बियांपासून डिझेल करायचं म्हणून जिकडंतिकडं बोलबाला होता आणि मला तर त्याचं वेडच लागलं होतं. दुसऱ्या वर्षी कुंपणाला फळं धरली. मी चौथीच्या वर्गात फळ्यावर एक जीप काढली, तिच्या टाकीत भलीमोठी बी काढली आणि म्हणाले, "भुईमुगासारखंच यातून तेल निघतं. उद्या तुमच्या गाड्या आपल्या कुंपणावर चालतील."

पुढच्याच ओळीत एक मुलगी बसायची. तिचे वडील गावातून लोहाऱ्याला प्रवासी जीप चालवायचे. तिनं विचारलं, "आमच्या पप्पाची जीप बी?"

"तुझ्या पप्पांची सगळ्यात आधी," मी म्हणाले. ती दिवसभर हरखून होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

महिन्याभरानं, दुपारच्या सुट्टीनंतर दोन मुलं हातपंपापाशी ओकायला लागली. मला वाटलं, खिचडी बाधली. "हात न धुता गिळायला बसता!" म्हणून मी त्यांनाच झापलं. वर्गात आले तर ही मुलगी पोट धरून फरशीवर आडवी झालेली. ओठ पांढरे पडलेले. शेजारी रुमालाची गाठोडी पडली होती. मी ती सोडली, तर आत काळ्या बिया.

"मॅडम, चंद्रज्योती खाल्ली," हातपंपावरचा एक जण रडत म्हणाला. "आमी एकेकच खाल्ली. भुईमुगावानी लागती. गाडीला ताकद येती तर आपल्याला बी येती, म्हणली ही."

मी शिपायाला पळत पाठवलं. तिचे वडील गावातल्या स्टँडवर जीप भरत होते. निरोप जाताच त्यांनी उतारू खाली उतरवले आणि गाडी शाळेच्या दारात आणली. मागच्या सीटवर दोघं मुलं आणि मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं. तिला दर वळणावर उलटी होत होती. माझी साडी भिजली होती आणि मला तिच्या श्वासाशिवाय काही सुचत नव्हतं.

वडिलांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "हे खायला कुणी सांगितलं हिला?"

"तुम्ही लवकर चला," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. त्यांनी गिअर बदलला आणि गाडी आणखी पळवली.

लोहाऱ्याच्या दवाखान्यात ती दोघं मुलं जरा वेळानं उठून बसली. हिला मात्र मान धरवेना. डॉक्टर तरुण होते, घाईत पण शांत. त्यांनी तिला विचारलं, "बाळा, किती बिया खाल्ल्यास?" आणि आम्हाला सांगितलं, "एखाददुसरी असेल तर सलाईन लावून इथंच ठेवतो. जास्त असतील तर मला वेळ घालवायचा नाही, आत्ताच धाराशिवला हलवायचं."

तिनं डॉक्टरांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "दोन."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गृहपाठ घरी विसरला म्हणून सांगणाऱ्या मुलांचा आवाज असाच असतो. माझं डोकं भडकलं. "खरं सांग!"

"दोनच, मॅडम." ती आणखी आक्रसली.

"दोनच म्हणती, डॉक्टर," वडील म्हणाले. "माझं लेकरू खोटं न्हाय बोलत." डॉक्टरांनी पेन उघडलं.

ती मरेल पण मला घाबरून खरा आकडा सांगणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी जी जरब कमावली होती ती आता तिच्या उशाशी उभी होती. मी कॉटशेजारी खाली बसले.

"चूक माझी आहे, बाळा. मीच शिकवलं. भुईमुगासारखं आहे म्हणून मीच सांगितलं. तुला कुणी रागवायचं नाही, रागवायचं तर मला. किती खाल्ल्यास?"

वडिलांची मान झटकन माझ्याकडं वळलेली मला दिसली. मी तिच्यावरची नजर काढली नाही.

"अकरा," ती म्हणाली. मग थांबून, "पप्पाला ठिवल्या त्या येगळ्या."

दहा मिनिटांत अँब्युलन्स निघाली. वडील आत बसले आणि मी चढायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं. धाराशिवला तिचे दोन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागितल्याचं कळलं, तेव्हा मी ऑफिसात मुख्याध्यापकांसमोर हुंदके देऊन रडले.

आठवड्यानं मी मुलीच्या घरी गेले. तिचे वडील अंगणात जीप धूत होते. मी माफी मागितली, म्हटलं, कुंपण मुळासकट काढून टाकलंय.

त्यांनी फडकं पिळलं. "गाडीचं सांगितलंत, ते लई चांगलं सांगितलं. पोरगी रोज घरी येऊन तेच सांगायची. पर ते इख हाय, हे तुमाला ठावं हुतं का, मॅडम?"

रोपवाटिकेतल्या माणसानं रोपं देतानाच बजावलं होतं, गुरंही याला तोंड लावत नाहीत, पोरांना सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पालकांनी दुसऱ्याच दिवशी झाडं उपटायला लावली असती आणि माझा उपक्रम बुडाला असता.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

आवाज ऐकून मुलगी दारात आली होती. मला बघून हसली आणि पायरी उतरायला लागली.

"आत जा," ते म्हणाले, आणि ती आत जाईपर्यंत माझ्या आणि तिच्या मधे उभे राहिले.